मागच्या चाकांतली हवा

पुरवणी जबाब
वार बुधवार, सकाळी अकरा वाजता

बोलावण्याचे नाव थोरली, वय ४६ वर्षे, धंदा पंक्चर काढणे व हवा भरणे, राहणार मालडेपोच्या फाटकासमोर, दुकानामागची खोली.

मी समक्ष हजर राहून, कोणी न बोलावता, जबाब देते की, वरील ठिकाणी मी माझ्या पतीसह राहते. घरात आम्ही दोघेच. माझे पती डोंगरावरच्या मोबाइल टॉवरना बॅटऱ्या व डिझेल पोचवणाऱ्या चारही चाके ओढणाऱ्या गाडीवर एकोणीस वर्षे ड्रायव्हर आहेत.

काल मंगळवारी दुपारी मी याच ठाण्यात जबाब दिला होता. त्यात मी सांगितले की, अपघातातल्या गाडीचे नवे टायर माझ्या धाकट्या बहिणीने निवडले व बसवले, ते एवढ्या भाराला लायक नव्हते, म्हणून डाव्या हाताचा मागचा फुटला. त्यातले निवडले व बसवले एवढेच खरे आहे. बाकी खोटे आहे. त्या जबाबावरून तुम्ही धाकटीच्या दुकानातले टायर उचलून आणलेत आणि ती आज सकाळपासून बाहेर बाकावर बसली आहे. तिच्यावर गुन्हा लागण्याआधी पुढील हकीकत लिहून घ्यावी. मी बोलते तसेच लिहा, साफसूफ करू नका, असे मी हवालदारांना सांगितले आहे.

टायरचे दुकान मुळात आमच्या वडिलांचे, आप्पांचे. मी दहा वर्षांची असल्यापासून तिथे पाना धरते. धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान, ती तेव्हा ट्यूबमध्ये बसून खेळायची. माझे पती गिऱ्हाईक म्हणूनच दुकानात आले आणि त्यांच्या गाडीचे टायर मी निवडून दिले, तिथूनच आमचे जमले. लग्नानंतर मी डेपोसमोर हवेचे दुकान टाकले. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान धाकटीला दिले. मला विचारले नाही. "तुझं तर सगळं मार्गी लागलंय की," असे म्हणाले. मी हो म्हणाले. तेव्हापासून माझ्या पोटात दुखते ते आजवर थांबलेले नाही, हेही लिहा.

तरीही या गाडीचे टायर मीच ठरवत होते. धाकटीच्या दुकानातून आणायचे, पण कुठला ते मी सांगायचे. मी जाड गोट्यांचा, चिखलाचा टायर सांगायची. दिसायला दणकट. हे, म्हणजे माझे पती, डेपोतल्या बाकीच्या ड्रायव्हरना सांगायचे, "आमच्या घरातच इंजिनीअर आहे." मला बरे वाटायचे.

मागच्या दोन महिन्यांत मी सांगितलेले दोन टायर डोंगरात फुटले. डेपोच्या साहेबांनी चारही चाके आणि स्टेपनी नवी घ्यायला परवानगी दिली. मी ह्यांना म्हणाले, "तोच घ्या, नशीब वाईट होतं." हे म्हणाले, "या खेपेला धाकटीला विचारून बघतो. ती हल्ली बरंच वाचते." मी म्हणाले, विचारा, मला काय त्याचे. मला फार होते.

शुक्रवारी दुपारी वजनकाट्यावरचा काटेवाला माझ्याकडे सायकलीत हवा भरायला आला. तो म्हणाला, "तुमचे मालक आणि मेहुणीबाई आले होते. दोन तास होते. काय हसत होते!" वजनकाट्यावर हसण्यासारखे काय असते ते मला माहीत नाही. मी त्याच्या सायकलीत हवा भरली आणि पंप आपटून ठेवला. मनात काय आले ते विचाराल तर वाईटच आले. त्यात तथ्य नव्हते. पण आले.

संध्याकाळी ह्यांनी स्वतःच सगळे सांगितले. धाकटीने गाडीत बॅटऱ्या, डिझेलचे पिंप, टपावर केबलची भेंडोळी, हत्यारांची पेटी आणि दोन माणसे असा पुरा भार चढवायला लावला होता. मग आधी पुढची चाके काट्यावर घेतली, नंतर मागची, असे वेगवेगळे वजन केले. मागच्या दोन चाकांवर मिळून एकोणीसशे किलो भरले. म्हणजे एका टायरवर साडेनऊशे. मी एकोणीस वर्षे देत होते त्या टायरच्या अंगावर जो भाराचा आकडा असतो, त्याप्रमाणे तो जास्तीत जास्त नऊशे पेलतो. हे म्हणाले, "अगं, आपण इतकी वर्षं देवाच्या भरवशावर चालत होतो." मी अंगठा दाबून, गाडी किती बसली ते डोळ्याने बघून टायर ठरवायची. आकडा मला वाचता येत होता. गाडी कधी काट्यावर न्यावी हे मात्र डोक्यात आले नाही. तिच्या आले.

धाकटीने निवडलेला टायर ऑल-टेरेन म्हणतात त्या सगळ्या रस्त्यांवर चालणाऱ्या जातीचा, दहा प्लायचा म्हणजे दहा थरांच्या ताकदीचा, त्याच मापाचा, पण एक हजार एकशे वीस किलो पेलणारा. तिचे म्हणणे असे की, ह्यांचा रस्ता सत्तर भाग डांबरी, उरलेला दगडाचा, चिखल वर्षातून महिनाभर. "चिखलाचा टायर डांबरावर नुसता गरम होतो, दाजी," असे तिने त्यांना सांगितले. हे मला घरी येऊन तिच्याच आवाजात सांगत होते. मी भाकरी... मी स्वयंपाक करत होते. तवा उतरवून ठेवला आणि बाहेर जाऊन बसले.

रविवारी तिने टायर बसवले. सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास माल चढवून हे गाडी घेऊन माझ्या दुकानात आले. हवा पुरा भार चढल्यावर आणि टायर थंड असताना भरायची, हे धाकटीनेच सांगितले होते, आणि माझे दुकान डेपोच्या समोर. ह्यांनी तिची चिठ्ठी माझ्या हातात दिली. चिठ्ठीत लिहिले होते, 'ताई, मागे पंचावन्न, पुढे चाळीस.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोरीला मी नळीचे तोंड धरायला शिकवले, ती मला चिठ्ठी पाठवून हवा शिकवणार! मी चिठ्ठी पंक्चर शोधायच्या टबात टाकली. हे आणि गाडीसोबत जाणारे बॅटरी मिस्त्री समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले होते. पुढच्या चाकांत मी चाळीस भरली. मागच्या दोन्ही चाकांत जाणूनबुजून छत्तीस भरली.

छत्तीसच का, असे हवालदारांनी विचारले. सांगते. टायर फुटावा असे माझ्या मनात नव्हते. कमी हवेवर भरलेली गाडी मागून डोलते, मऊ चालते. तीसेक किलोमीटरवर ह्यांच्या लक्षात येईल, हे गाडी वळवतील आणि माझ्या दारात येऊन म्हणतील, "थोरले, हे टायर काही खरे नाहीत, तुझेच बरे होते." एवढेच मला ऐकायचे होते. दहा प्लायच्या टायरची भिंत कडक असते, हवा कमी असली तरी तो फुगवटा दाखवत नाही, लाथ मारूनही कळत नाही. हे मला माहीत होते. साडेनऊशे किलो, दुपारचे डांबर आणि छत्तीस हवा म्हणजे टायर आतून शिजतो, हेही माहीत होते. माहीत होते पण त्या वेळी ते आठवून घेतले नाही.

चहा पिऊन हे आले. "झालं?" म्हणाले. मी म्हणाले, "झालं." मिस्त्री हसून म्हणाले, "वहिनी, नवे बूट आहेत गाडीला, दृष्ट काढा." गाडी साडेनऊला गेली. मी दहा वाजता वळणाकडे बघत होते, साडेदहालाही बघत होते. बारा वाजता मला वाटले, आता फोन करावा. केला नाही. फोन केला असता तर का केला हे सांगावे लागले असते.

एक वाजून दहा मिनिटांनी डेपोतून माणूस धावत आला. घाटाच्या पायथ्याशी डावा मागचा टायर फुटून गाडी कठड्याला धडकून कलंडली होती. माझ्या पतीचे खांद्याचे हाड व दोन बरगड्या मोडल्या. बॅटरी मिस्त्रींच्या पायावर बॅटरी पडून पाय दोन ठिकाणी मोडला. ते चालतील, पण पुन्हा टॉवरवर चढणार नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. त्यांचे वय एकतीस आहे आणि दुसरे काम त्यांना येत नाही. सोमवारी मी रात्रभर दवाखान्यात बसले होते. सकाळी मिस्त्रींच्या बायकोने आपल्या डब्यातले मला दिले. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही कालपासून उपाशी आहात." मी खाल्ले.

मंगळवारी मिस्त्रींच्या भावाने धाकटीविरुद्ध तक्रार दिली. तुम्ही मला बोलावून विचारलेत, टायर कसे होते. मी म्हणाले, लायक नव्हते. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. उलट बोलताना बरे वाटत होते. वडिलांचे दुकान तिच्याकडे आहे, तिचे डोके सगळ्यांना दिसते, वजनकाट्यावर हसू तिला येते, तर हेही तिनेच घ्यावे, असे मला वाटले. इतकी मी जळकी आहे. हे शब्द माझे आहेत.

मंगळवारी संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. हे शुद्धीत होते. मी विचारले, गाडी डोलत नव्हती का? हे म्हणाले, "डोलत होती की. पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच कळलं." मी म्हणाले, मग हवा का नाही बघितली? गेज तर गाडीतच असतो. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हवा तू भरली होतीस. मला वाटलं माल सरकला असेल, म्हणून थांबून दोऱ्या आवळल्या. दुसऱ्या कुणी भरली असती तर आधी हवाच मोजली असती." मग मला म्हणाले, "रडतेस कशाला, मी आहे ना."  मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले ते परत आले नाही.

आज सकाळी आठ वाजता धाकटीचा फोन आला. तिला ठाण्यात बोलावले होते. ती म्हणाली, "ताई, तुझ्याकडे पुन्हा आले तर घाबरू नकोस. मी त्यांना काल सांगून टाकलंय, हवेचं विचारूच नका, हवा माझ्या बहिणीने भरली आहे. चूक असेल तर माझ्या हिशोबात असेल. चिठ्ठीचं मी बोललेच नाही, उगाच तुला शिकवल्यासारखं दिसलं असतं." मग म्हणाली, "दाजींना बघून येतेस ना? आप्पांनाही जरा सांग, ते दुकानासमोर खुर्ची टाकून बसलेत, हलत नाहीत." मी बरे म्हणाले आणि दुकान बंद करून इकडे आले.

तिच्या हिशोबात चूक नाही. एकोणीसशे किलो बरोबर, टायर बरोबर, पंचावन्न आणि चाळीस बरोबर. मी स्वतः निवडले असते तर इतके चांगले निवडले नसते. हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहा असे मी म्हणाले, पण जबाबात तसे करता येत नाही असे समजले.

तपासासाठी सांगते की, पुढच्या शाबूत टायरांत चाळीसच्या आसपास सापडेल. उजव्या हाताचा मागचा टायर फुटलेला नाही. तो थंड असताना मोजावा. छत्तीस निघेल, फार तर एखादा आकडा इकडे-तिकडे. चिठ्ठी पाण्यात गेली, ती मिळणार नाही. माझे दुकान व कॉम्प्रेसर तपासायला माझी हरकत नाही. कॉम्प्रेसरचा काटा बरोबर आहे.

हा जबाब हवालदारांनी मला पूर्ण वाचून दाखवला. त्यात 'मागच्या दोन्ही चाकांत नजरचुकीने छत्तीस भरली' असे निघाले. तो शब्द माझा नाही. हवालदार म्हणाले, "बाई, राहू द्या, एका शब्दाने बराच फरक पडतो. नवरा जगलाय, बहीण सुटेल, तुम्हाला कशाला आत जायचंय?" मी त्यांना सांगितले की, तीस वर्षांत माझ्या हातून हवा नजरचुकीने कमी भरली गेलेली नाही, सोमवारीही नाही, आणि हे बाहेर बाकावर बसलेली माझी बहीणसुद्धा सांगेल. तो शब्द खोडून तिथे 'जाणूनबुजून' असे लिहायला लावले व खाडाखोडीशेजारी सही केली. त्यानंतर जबाब मी पुन्हा ऐकला. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.