चिठ्ठी नसलेले गठ्ठे

आमच्या सूनबाई अंबाजोगाईत घरी बसून सॉफ्टवेअर लिहितात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा साहेबांनी त्यांना मध्येच दुसऱ्या ब्रँचवरची, म्हणजे त्याच कोडच्या वेगळ्या प्रतीतली चूक दुरुस्त करायला लावली. म्हणून त्यांनी हातातला अर्धा कोड ‘स्टॅश’ केला, म्हणजे बाजूला ठेवला. परत येऊन बघतात, तर बाजूला ठेवलेले नऊ गठ्ठे आणि नाव एकावरही नाही! काम तर संध्याकाळी द्यायचं.

“अगं, कचेरीत आम्ही अर्धी फाईल रुमालात बांधली की वर चिठ्ठी लावायचो,” मी सुनावलं.

तेवढ्यात मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागेवर आलेल्या कारकुनाचा फोन आला. स्पीकर चालू होता.

“अण्णा, तुमच्या कपाटात लई रुमाल हायेत. चिठ्ठी एकावर बी न्हाई. कशात काय हाय?”

सूनबाईंचं काम चौथ्या गठ्ठ्यात सापडलं. माझे रुमाल उलगडायला मात्र मी काल मांजरसुंब्याला एसटी बदलून कचेरीत गेलो. दुपारी डबा काढला, तर वर चिठ्ठी: ‘मामा, यात भाकरी आणि ठेचा आहे.’