डांबरी रोडावरचं कुटार

सांगा बरं, गाडी तापली की भरवसा कोणाच्या बोलण्यावर ठेवायचा, मिस्त्रीच्या की गाडीवाल्याच्या?

मागच्या हंगामात माझी जुनी डिझेल गाडी रिठदच्या वाटेवर दर आठ-दहा किलोमीटरला उकळायची. वाशीमच्या शकूर मिस्त्रीकडं नेली, तर त्यानं पहिलंच विचारलं, "शेठ, गाडी सोयाबीनच्या खळ्यात नेता काय?"

शेजारी बायको उभी होती. नवी सीटकव्हरं घातली तेव्हा गाडी खळ्यात नेणार नाही, असा शब्द मी तिला दिला होता.

"नाई गा! डांबरी रोड सोडत नाई मी."

माझं ऐकून शकूरनं थर्मोस्टॅट बदलला, मग पाण्याचा पंप बदलला. गाडी तापतच राहिली. मी टपरीवर सांगत सुटलो, "शकूर मले फसवून राह्यला." त्याची दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली.

तिसऱ्या खेपेला त्यानं रेडिएटरच उतरवला. एसीच्या जाळीमागं, बाहेरून दिसत नाही तिथं, थ्रेशरमधून उडालेलं कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, गच्च बसलं होतं. हवा शिरायला जागाच नव्हती. थ्रेशरला गाडी टेकवून माल पाहायची माझी सवय!

शकूरनं मूठभर कुटार माझ्या हातावर ठेवलं. "शेठ, हे डांबरी रोडावर पिकते काय?"

त्याच टपरीवर मी चारचौघांत चूक कबूल केली. एक गिऱ्हाईक परत आलं, दुसरं अजून आलं नाही.

म्हणून विनंती करतो, मिस्त्रीनं विचारलं तर गाडी कुठंकुठं नेली याचा हिशोब खरा द्या, बायको शेजारी उभी असली तरी.