दोनदा मोजलेला कांदा

“हॅलो?... हो ताई, बोल... नाही गं, जेवण कसलं, साडेअकराच वाजलेत. पटकन बोल, बाराला आमचे आकडे छापायला जायचेत.”

शेतीच्या आकडेवारीच्या कचेरीत कांद्याचा तक्ता तिच्याकडे असायचा. फोन खांद्याने कानाशी दाबून तिने शेवटची बेरीज पुन्हा पाहिली. या हंगामात लागवड पाचव्या हिश्शाने वाढली होती. साहेब सकाळपासून खुशीत होते.

“भावजी वैतागलेत? कशाने?... दोनदा लावला म्हणजे?... हो, हो, पहिली रोपं कुजली, कळलं. मग त्याच दोन एकरांत पुन्हा लावली... अगं ऐक ना, मजुरांचं नंतर सांग. आमचा मोजणीवाला आला होता का?... दोन्ही वेळेला? आणि भावजींनी काय सांगितलं?... दोन्ही वेळा दोन एकर.”

तिने ताईच्या गावाचा कागद ओढून काढला. भावजींच्या नावापुढे दोन भेटी, दोन आकडे, आणि खाली त्यांची बेरीज. अक्षर तिचंच होतं.

“छे, भावजींचं कुठे चुकलं? विचारलं ते सांगितलं त्यांनी... आहे, आहे मी. एक सांग, तुमचंच कुजलं का?... नदीकाठचं सगळं? पलीकडच्या गावांतही?... आई गं.”

तेवढ्यात साहेब दारात आले.

“ताई, ठेवू नकोस हं... साहेब, आकडा पाठवू नका... नाही, लागवड वाढलेलीच नाही. एकच शेत दोनदा धरलंय... मोजणीवाल्याने नाही, मी. बेरीज माझी आहे... दुसऱ्या लावणीचा एकरी उताराही कमीच येणार. म्हणजे उत्पादन गेल्या वर्षाच्या खालीच... तीन दिवस लागतील, गावोगाव विचारावं लागेल.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. छापायला निघालेला कागद त्यांनी तिच्या टेबलावर उपडा ठेवला आणि ते निघून गेले.

“हां, बोल गं... नाही, ओरडले नाहीत. ओरडले असते तर सुटले असते मी... बरं, तू फोन कशाला केला होतास?... काय? दुसरी रोपंही?... सगळी पिवळी पडली? आणि भावजींनी...? कधी, काल? दोन्ही एकरांवर नांगर फिरवला?... अगं, मग हे आधी नाही का सांगायचं?... हो. घाईत होते मी. खरंय.”

तिने ताईच्या गावाचा कागद पुन्हा समोर ओढला.

“ताई, रडू नकोस ना... रविवारी येते मी, नक्की येते... पण ऐक, हे मला आज लिहावं लागेल. हो, तुमचंसुद्धा... हॅलो? ताई?... हॅलो?”

फोन कटला होता. तिने पेन उचललं, ताईच्या गावाच्या कागदावरचे भावजींच्या नावापुढचे दोन्ही ‘दोन’ खोडले आणि शून्य लिहिलं. मग पुढच्या गावाचा कागद घेतला.