औषधवाल्या काकांनी पुढे केलेला ग्लास

मी, गल्लीत भडक्या म्हणतात तो, वय २२, धंदा मोबाईल दुरुस्ती (कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडले), राहणार औषधाच्या दुकानावर तिसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

काल सायंकाळी दुकानवाल्या काकांनी व्हिस्कीचा ग्लास माझ्यापुढे सरकवला, तिथून माझे सगळे फिरले. त्यांनी मला विष पाजले, अशी माझी तक्रार आहे.

त्यांच्या मुलीला मागणी घालायला मी दुकानावरच्याच त्यांच्या घरी गेलो होतो. काका एरवी मला सुटे पैसेही हसून देत नाहीत. काल म्हणाले, "बसा जावईबापू." मी विरघळलो.

मला अमिबाचे जुलाब लागल्याने डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिले होते. गोळ्या काकांच्याच दुकानातल्या. जिभेवर नाणे ठेवल्यासारखी चव यायची. प्रेमात असे होत असेल, असे मी धरून चाललो. गोळ्या देताना मुलीने बजावले होते, "दारूला हात लावायचा नाही. गोळ्या संपल्यावरही तीन दिवस नाही." मी तिच्याकडे बघत असल्याने पहिले वाक्यच डोक्यात राहिले. काका पाहुण्याला ग्लासाशिवाय सोडत नाहीत, म्हणून मी काल दिवसभर गोळी घेतलीच नाही. हुशारी माझी स्वतःची.

दोन घोटांत तोंड तापले, छाती धडधडू लागली. त्यांच्या नव्या सोफ्यावर मला उलटी झाली. आज तर गोळी घेतलीच नाही, असे मी ओरडलो.

काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "गोळ्या माझ्याच दुकानातून नेल्यास ना. नाही म्हणतोस का, बघत होतो. कॉलेज अर्धवट, गोळ्या अर्धवट. पोरगी तेवढी अख्खी पाहिजे."

मी म्हणालो, "खाली माणसं बरी करता आणि वर मारता होय?"

मुलगी म्हणाली, "पप्पा, हे फार वाईट केलंत." मला वाटले, जिंकलो. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू? जुलाब लागलेत, पिणार नाही, एवढं तोंडातून निघेना? मग माझ्यासाठी यांच्यापुढे काय बोलणार होतास?"

यावर पुढे काय झाले, असे साहेबांनी विचारले. तिने ओला टॉवेल दिला व उरलेल्या गोळ्या तेवढ्या पुऱ्या कर म्हणाली. दवाखान्यात विष सापडले नाही, तो भाग नंतरचा. तक्रार काकांपुरतीच ठेवावी. तिचे बोलणे त्यात धरू नये. मी बाहेर पडलो व दार लावून घेतले.

लिहिलेले मला वाचून दाखवले. 'दार आपटले' असे होते, ते मी 'लावून घेतले' करायला लावले. बाकी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.