सुतळी एक, मजकूर नाही

...आणि वर मलाच विचारतात, गाठी किती होत्या! अहो, गाठी मोजायच्या असतात हे मला कोणी सांगितलं होतं? तुम्हीच सांगा! नाही, आधी बसा. बसा आणि दोर वळायची अंबाडी हातात घ्या, तोंड माझ्याकडे असलं तरी चालेल पण हात थांबता कामा नये, तिकडे मुकादम बघतोय, आणि हात थांबला की तो बोलत नाही, नुसता येऊन पाठीमागे उभा राहतो... ते बोलण्यापेक्षा वाईट! तुम्ही चौघं आजच आत आलात म्हणून सांगतो, कारण इथे नव्या माणसाला काही सांगायची पद्धत नाही, त्याला आधी चुकू देतात आणि मग बाड उघडतात. मी कोण? मी इथला कारकून! हसू नका. या चड्डीवर आणि छातीवरच्या लाकडी बिल्ल्यावर जाऊ नका, तीन महिन्यांपूर्वी याच तुरुंगाच्या फाटकाशेजारच्या खोलीत मी कानावर टाक ठेवून बसत होतो, तुमच्यासारखे कोणी आले की नाव, गाव, गुन्हा लिहून घेत होतो आणि म्हणत होतो, "पुढे सरका." आता मीच पुढे सरकलोय.

पूर्वी असं नव्हतं हो. म्हणजे तुरुंग होताच, संस्थान म्हटलं की तुरुंग आलाच, पण बायका बाजाराला जव्हारात आल्या की फाटकातनं भाकरी देत, दोन शब्द बोलत, पहारेकरी तोंड फिरवून तंबाखू मळत बसे. मग आले हे जेलरसाहेब, खालून, इंग्रजी मुलखातनं, आणि येताना बरोबर ते बाड घेऊन आले. नियमांचं! एवढं जाड! आणि तुम्हाला सांगतो, साहेब कधी ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं! आजाऱ्याशी बोलावं तसं अगदी हळू विचारतात, "बाडात काय लिहिलंय?" आपण सांगायचं, असं असं लिहिलंय. "लिहिलंय ना? मग झालं." संपलं! त्यापुढे देवसुद्धा बोलत नाही.

काय काय लिहिलंय म्हणता? पहाटे घंटा, मग मोजणी, मग नाचणीची पेज, मग जात्यावर दळण नाहीतर हा दोर. रोज एवढा दोर वळतो आपण, तो जातो कुठे, एवढा दोर कशाला लागतो... हे एकानं विचारलं होतं. एकदाच विचारलं. असो! आणि दुपारी सुधारणेचा तास. हो हो, सुधारणा! बंदी सुधारला पाहिजे, त्याला लिहिता आलं पाहिजे, असं बाडात आहे. आणि त्याच्याच खालच्या ओळीत आहे की बंद्याजवळ कागद आणि टाक राहता कामा नये! म्हणजे मी यांना शिकवायचं लिहायला, आणि लिहायचं कशावर? धुळीत! बोटानं! आणि तास संपला की मुकादम येऊन पायानं सगळं पुसणार, की काही निरोपबिरोप राहून जायला नको. सहा महिन्यांत लाडक्या स्वतःचं नाव लिहायला शिकला, रोज लिहायचा, रोज पुसलं जायचं. मी म्हणालो, "वाईट वाटतं का रे?" तर म्हणतो, "पुसलां तरी हाताला म्हाईत हाये."

हा लाडक्या सूर्यमाळचा. गुन्हा काय? पोरगीच्या, चिमीच्या, लग्नाच्या मांडवाला चार मेढी लागतात, त्या त्यानं राखीव जंगलातनं तोडल्या. सागाच्या! सहा महिने सक्तमजुरी. बाप आत म्हटल्यावर लग्न राहिलं, साखरशेतची, नवऱ्याकडची माणसं थांबली बिचारी, म्हणाली, सुटू दे, मग लावू.

आता टपाल. फागू, हे नीट ऐक, तुझी बायको जामसरहून काही पाठवणार, हो ना? तर बंद्यानं तीन महिन्यांत एक पत्र लिहायचं, तेही कारकुनाच्या हातून. चार ओळी. त्यात तुरुंगातल्या जेवणाबद्दल नाही, कामाबद्दल नाही, आजाराबद्दल नाही, दुसऱ्या बंद्याबद्दल नाही, साहेबांबद्दल तर नाहीच नाही. मग उरलं काय? लाडक्याचं पत्र मीच लिहिलं, साहेबांनी वाचलं, तीन ओळी खोडल्या, आणि सूर्यमाळला गेलं ते एवढंच: "मी आहे." आणि तेही तिथे वाचणार कोण? अख्ख्या पाड्यात अक्षर कोणाला ठाऊक नाही! त्याच्या बायकोनं, रुपीनं, ते पत्र म्हणे कणगीत ठेवलं, उंदरांना वाचायला.

आणि येणारं टपाल? फक्त सोमवारी द्यायचं. आठ दिवस आधी आलं तर आठ दिवस टोपलीत पडून राहणार! आणि देण्याआधी... ऐका, इथेच माझं नशीब फुटलं... बाडात अक्षर न् अक्षर असं आहे: "बंद्यास आलेली प्रत्येक वस्तू पूर्णपणे उघडून, तपासून, मगच द्यावी." पूर्णपणे. उघडून. मी आजवर पत्रं उघडली, पुरचुंड्या उघडल्या, एकदा तर भाकरी उघडली! लिहिलंय ना? मग झालं!

तर त्या सोमवारी सकाळी बाजाराला आलेल्या कोणीतरी बाईनं लाडक्याच्या नावानं फाटकात ठेवलं काय? सुतळी! हातभर लांब सुतळी आणि तिला गाठी. पत्र नाही, भाकरी नाही, गाठी! मी नाशकाकडचा माणूस, मला काय ठाऊक? मला वाटलं, रिकामटेकडे लोक! पण उघडायचं तर उघडायचं, मी बसलो गाठी सोडायला. आणि गाठी कशा? ओल्या सुतळीला मारून वाळवलेल्या! नखांनी सुटेनात, दातांनी सुटेनात, शेवटी दाभण आणलं, घामाघूम झालो, दुपारपर्यंत तेच! सगळ्या सोडल्या, सुतळी मांडीवर घासून सरळ केली, आणि वहीत लिहिलं: "सुतळी एक. तपासली. मजकूर नाही." आणि नेऊन लाडक्याच्या हातात दिली.

त्यानं ती पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. आणि तोंडाचा रंगच गेला.

"सगळ्या सुटल्या?"

मी मूर्ख, मला वाटलं कौतुक करतोय! मी छाती काढून म्हणालो, "एक न् एक!"

 तो दुपारी विहिरीवर पाण्याच्या पाळीला गेला, दोन्ही घागरी भरल्या, काठावर नीट ठेवल्या, तुरुंगाची टोपी घडी करून घागरीवर ठेवली, वर एक दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून... आणि गेला. पळाला नाही हो, पहारेकरी शपथेवर सांगतो, चालत गेला! चालतोय म्हणून त्याला वाटलं, कामालाच पाठवलाय!

मग काय! घंटा! मोजणी! पुन्हा मोजणी! साहेब हळूच म्हणाले, "पळणाऱ्यास काय?" मी बाड काढलं. एक वर्ष. "लिहिलंय ना? मग झालं." आणि मी पहिल्यांदा माझीच नोंद परत काढून वाचली. का वाचली कळेना. मी काय केलं होतं? उघडलं होतं, एवढंच ना?

ते मला सांगितलं आमच्या धोंडीबाईनं, तुरुंगाचं अंगण झाडते ती. म्हणाली, "कारकूनदादा, त्या गाठी दिवस असतात." दिवस! लग्नाला जितके दिवस तितक्या गाठी, सोयऱ्याला पाठवायच्या, त्यानं रोज सकाळी एक सोडायची, वाटेत निरोप्याकडे असेल तर निरोप्यानं सोडायची, आणि गाठी संपल्या की तो लग्नाचा दिवस. म्हणजे त्याला वाटलं, सुतळी टोपलीत पडून राहिली, दिवस संपले आणि चिमीचं लग्न आज! मी त्याचे सगळे दिवस एका सकाळी सोडून टाकले होते... दाभणानं!

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर कोण? लाडक्या! रात्रभर डोंगर चढून घरी पोचला, तर मांडव नाही, माणसं नाहीत, रुपी शांतपणे शेण सारवतेय. चौदा गाठींतल्या तेरा अजून बाकी! अहो, सगळा हिशेब तिनं बसवला होता, बारा दिवसांनी हा सुटणार, एक दिवस चालायचा, एक हळदीचा. त्यानं आंबील प्याली, पोरगीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि उलट पावली परत. फाटकाला म्हणतो, "माझा चुकलां. आत घे."

आणि फाटक घेईना! का? आत घ्यायला वॉरंट लागतं! पळालेल्याला पकडून आणावा असं लिहिलंय, आपणहून आला तर काय, हे बाडात नाहीच! दोन तास तो पायरीवर बसला, माझी टोपी तरी द्या म्हणत, आणि आम्ही आत बाड चाळतोय. शेवटी शिपाई बाहेर गेला, त्याच्या खांद्याला हात लावून "पकडला!" म्हणाला, तेव्हा कुठे आत आला.

हसलात? हसा. मीही हसलो होतो, दुसऱ्या दिवशी चौकशीला उभा राहीपर्यंत.

न्यायाधीश विचारतात, "का पळालास?" हा म्हणतो, "सुतळीला गाठ नव्हती." न्यायाधीशांनी माझी वही मागवली. "मजकूर नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कारकून, सुतळी तुमच्या हातात आली तेव्हा गाठी होत्या का? किती?" आणि तुम्हाला सांगतो, लाडक्या माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. मी खरंच बोलणार असं धरून चालल्यासारखा! आणि साहेब बघत होते. हळू. मी "होत्या, मीच सोडल्या" म्हणालो तर माझी नोकरी जाणार, नाही म्हणालो तर त्याचं वर्ष जाणार आणि पोरगीचं लग्न. मी काय म्हणालो?

"आठवत नाही, सरकार."

लाज वाटते हो सांगताना. निकाल सात दिवस पुढे ढकलला. आणि त्याच दिवशी माझ्या टेबलावर एक सुतळी आली. माझ्या नावाची! रुपी स्वतः फाटकाशी उभी. सात गाठी. मी म्हणालो, "हे काय?" तर म्हणते, "रोज एक सोडा. सपल्या का आमी येव." येऊन काय करणार? ते नाही सांगितलं! शिवी नाही, शाप नाही, रडणं नाही. नुसतं "येव"!

तुम्हाला सांगतो, फेकून द्यायला काय हरकत होती? नाही फेकता आली! रोज सकाळी हात आपोआप तिकडे जायचा. सहा. पाच. चार. जेवण जाईना. तीन राहिल्या त्या दिवशी मी न सोडता तसाच कामाला आलो, तर दिवसभर वाटत राहिलं कोणीतरी मागे उभं आहे, संध्याकाळी धावत जाऊन सोडली. दोन. एक. आणि सातव्या दिवशी ती आली.

काय केलं तिनं? काही नाही. न्यायाधीशांच्या टेबलावर एक सुतळी ठेवली. जोडीची सुतळी, अहो! एक सोयऱ्याकडे जाते, एक घरी राहते, बरोबर तेवढ्याच गाठींची. दहा सुटलेल्या, चार बाकी. "चौदा होत्या. लगीन चार दिसांनी," एवढंच बोलली. लाडक्याच्या सुटकेला दोनच दिवस उरले होते, म्हणजे मी बोललो तर तो वेळेवर मांडवात, आणि गप्प राहिलो तर आणखी एक वर्ष या अंबाडीवर. न्यायाधीश पुन्हा म्हणाले, "कारकून?"

माझ्या खिशात माझी सुतळी होती. मोकळी. आणि मी बोलून गेलो! "होत्या, सरकार. मोजल्या नाहीत. पण होत्या, आणि मीच सोडल्या."

लाडक्याचं वर्ष माफ. आणि माझं? साहेबांनी तिथल्या तिथे बाड काढलं. हळूच. "वहीत खोटी नोंद. चौकशीत सत्य लपवणे. तीन महिने सक्तमजुरी." लिहिलंय ना? मग झालं! आणि एवढ्यावर थांबतील तर ते साहेब कसले? "बंदी बाहेर होता ते दोन दिवस भरून द्यावे लागतील," म्हणाले. दोन दिवस! म्हणजे सुटका नेमकी लग्नाच्या दिवशी, सूर्यमाळ एका दिवसाच्या वाटेवर! मला वाटलं, बाई आता तरी कोसळेल. तिनं सुतळी उचलली आणि भर कचेरीत आणखी दोन गाठी मारल्या. तारीख पुढे! झालं! बाडाला एवढं सोपं कधी सुचलं नसतं.

लग्न झालं हो. चिमी सुखात आहे साखरशेतात.

लाडक्या सुटला त्या दिवशी मी आत येऊन चार दिवस झाले होते. इथेच, तुम्ही बसलात तिथे बसला होता, अंबाडीची सुतळी वळत. जाताना ती माझ्या हातात दिली. गाठी मारलेली. नव्या कारकुनानं हात लावला नाही, त्या प्रकरणानंतर बाडात नवीन ओळ पडली आहे, सुतळी उघडू नये! म्हणजे या तुरुंगात न उघडता मिळणारं टपाल एवढं एकच, फागू, बायकोला सांगून ठेव. या खेपेला मात्र मी मोजल्या. माझे उरले होते शहाऐंशी दिवस. गाठी निघाल्या शंभर! मी म्हणालो, "अरे लाडक्या, चुकलास, चौदा जास्त मारल्यास!" तो फाटकातनं टोपी परत करत म्हणाला, "चुकलों नाय, कारकूनदादा. ते बाडात काय ना काय निंगल."

आज माझा शेवटचा दिवस. नव्वदावा. सुटायचं आज! सकाळी कपडे मागायला गेलो तर साहेब बसले होते, समोर बाड उघडं, पानात बोट. वर बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "बसा."

चौदा गाठी बाकी आहेत... घ्या, अंबाडी घ्या हातात, मुकादम बघतोय.