सामायिक उतारा

(सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीमागची वस्ती. शुक्रवार, दुपारचे तीन. टॉवेलच्या कडा शिवणारी सिद्धेश्वरी, तिची सासू चंद्रव्वा आणि आत्ताच आलेला सिद्धेश्वरीचा भाऊ बसवराज.)

बसवराज : चहा ऱ्हाऊ दे गं. पाचाच्या आत कोर्टात पोचायचं हाय.

सिद्धेश्वरी : चहा ठेवलाय कुणी? सहा वर्सांनी बहिणीचं घर सापडलं म्हणजे काम लईच अडलेलं दिसतंय, अण्णा.

बसवराज : टोमणे मागनं मार. तुझा भाचा, आपला गुरू, आत हाय. मंगळवारी ढाब्यावर जरा बाचाबाची झाली...

चंद्रव्वा : बाचाबाचीला आत घालत्यात व्हय, पावनं?

बसवराज : वेटरच्या डोक्यात बाटली घातली त्यानं. भाकरी गार आणली म्हणून. पोरच हाय, रागाच्या भरात...

सिद्धेश्वरी : सव्वीस वर्सांचं पोर! आन ज्याचं डोकं फुटलं त्याचं नाव काय?

बसवराज : नाव... असंल काईतरी. अकरा टाकं पडल्यात.

सिद्धेश्वरी : टाकं ठाऊक हायत, नाव न्हाई.

बसवराज : वकिलानं सांगितलं म्हणून ठाऊक. ऐक तर. जामीन मंजूर झालाय, पण जमीनवाला जामीनदार पायजे. सात-बारा घिऊन गेलो, तर वकील म्हणतोय, उतारा सामायिक हाय, बहिणीचं बी नाव हाय. तिला बी उभं करा.

सिद्धेश्वरी : वा रे वा! हिस्सा सोडला न्हाई म्हणून माहेर बंद केलंस माझं. चोळीचा खण बंद, पंचमीचं बोलावणं बंद. आन आता माझ्या नावाबिगर पोरगं सुटंना?

चंद्रव्वा : तवा काय म्हणला हुता, पावनं? लेकीचं नाव उताऱ्यावर म्हणजे भाकरीत खडा. आता त्योच खडा चावा की.

बसवराज : काय बोलायचं ते बोला. उद्या चौथा शनिवार, कोर्ट बंद. परवा रविवारी त्याचा साखरपुडा हाय. नवरदेवच जेलात म्हणल्यावर पोरीकडली काय म्हणतील?

सिद्धेश्वरी : साखरपुडा? गुरूचा?

बसवराज : व्हय. तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.

सिद्धेश्वरी : ऱ्हायलं कुटं? जामिनाच्या कागदासंगं आलं की आवतान.

चंद्रव्वा : लग्नाच्या पत्रिकेत खाली छापा, पावनं. येताना आधार कार्ड आणावे.

सिद्धेश्वरी : आण ते कागद हिकडं.

बसवराज : बग, फोटो हितं लावायचा, आन हितं...

सिद्धेश्वरी : थांब. सगळं वाचू दे. ह्यो खाली स्टँप कशाचा?

बसवराज : त्यो व्हय? हक्कसोड. म्हणलं, कोर्टात येतीसच, तर तसंच रजिस्टर हापिसात बी जाऊन येऊ. तुला सारखा हेलपाटा नको.

सिद्धेश्वरी : म्हणजे कोर्टात मी मालकीण, आन दाराबाहेर पडले की परकी!

चंद्रव्वा : अय्यो शिवा! साकु, साकु, पुरे झालं. पोरगं गजाआड, आन बापाचा डोळा दोन एकरावर.

बसवराज : तसं न्हाई ओ, आई...

सिद्धेश्वरी : तसंच हाय. लाज कोळून प्यालास, अण्णा. पण त्या पोराच्या कानात बारशाला नाव मी सांगितलंय. इतकं करून बी जीव तुटतोय माझा, त्याचाच राग येतो मला. मी ऱ्हाते जामीन. सुटला की आदी त्या वेटरच्या दारात नेणार त्याला, आन दर तारखेला कान धरून कोर्टात.

बसवराज : व्हय, व्हय, ने की! चल, रिक्षा थांबलीया.

सिद्धेश्वरी : ही बग, चप्पल घातली. फकस्त त्यो हक्कसोड माझ्यादेखत फाड.

बसवराज : फाडायचा कशाला? ऱ्हाऊ दे की पिशवीत. तुझी सही न्हाई तवर नुसता कागदच त्यो.

सिद्धेश्वरी : मग फाड की.

बसवराज : पाचशेचा स्टँप हाय गं.

चंद्रव्वा : साडेतीन झाले, पावनं.

बसवराज : सोमवारी बी कोर्ट उघडतंयच की. साखरपुडा काय, म्होरं ढकलता येतोय.

सिद्धेश्वरी : बरं. गुरूला एवढं सांग, आत्या चप्पल घालून उभी हुती.