थोरलीच्या नावावरचे ठोके

मी, शाळेचा क्रीडा शिक्षक, मुलांमध्ये 'शिट्टीसर' म्हणून ओळखला जाणारा, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार शाळेच्या मागच्या गल्लीत, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून पुरवणी जबाब लिहून देतो की,

आमच्या शाळेत खेळाडूंच्या तब्येतीची नोंद संगणकावर ठेवतात. मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली की निकाल थेट त्या नोंदीत येतो. माझ्या मोबाइलवर खेळाडूच्या नावापुढे हिरवा ठिपका असला तर त्याला पळवायचे, लाल असला तर बाकावर बसवायचे. शाळेच्या दवाखान्यातल्या सिस्टर ही नोंद सांभाळतात. जी मुले खेळत नाहीत त्यांची नोंदच नसते.

मागील आठवड्यात थोरलीच्या नावापुढे लाल ठिपका आला. थोरली ही आमची सर्वांत वेगवान मुलगी. तिला जुळी बहीण आहे, तिला सगळे धाकटी म्हणतात. दोघी इतक्या सारख्या की मी त्यांना फक्त चालीवरून ओळखतो. धाकटी कधी मैदानात उतरली नाही. ती जाळीबाहेर पुस्तक उघडून बसते आणि बहीण समोरून जात असेपर्यंत पान उलटत नाही.

लाल ठिपका पाहून माझे डोके फिरले. निवडीची शर्यत तोंडावर आली होती. नोंद उघडली तर हृदयाच्या आलेखात दोष आणि झोपून घेतलेली नाडीसुद्धा फार जलद. थोरलीच्या मनगटावरचा पट्टा तिची रोजची नाडी त्याच नोंदीत भरतो, ती हंगामभर संथ. मी सिस्टरना म्हणालो, "हे ठोके माझ्या पोरीचे नाहीत. तुम्ही घोळ घातलाय." त्या म्हणाल्या, "सर, मशीनचं तुमच्याशी काय वैर?" त्या माझ्या खेळाडूंना उठसूट विश्रांती देतात, त्यामुळे आमचे आधीपासून वाजलेले आहे. म्हणून त्यांनी खोटी नोंद केल्याची तक्रार मी याच ठाण्यात दिली. बाहेर पडताना माझी मान ताठ होती.

काल दुपारी सिस्टरनी मला शाळेच्या दवाखान्यात बोलावले. दोघी बहिणी एकाच खाटेवर बसल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने पांढरा पडदा फुगत होता, त्यामुळे कधी एक मुलगी दिसे, कधी दोन. क्षणभर मला वाटले, मुलगी एकच आहे, माझीच नजर हलते आहे.

थोरली म्हणाली, "सर, तपासणीला मी गेलेच नव्हते. हिला पाठवलं."

मी विचारले, "का गं?"

"उपाशी पळलं की अंग हलकं वाटतं, म्हणून मी खात नव्हते. मग चक्कर यायला लागली. मशीनमध्ये दिसलं असतं तर तुम्ही मला बसवलं असतं. ही तर कधी पळतच नाही, हिला काय होणार, असं वाटलं."

धाकटी म्हणाली, "मला जिना चढतानाही दम लागतो, सर. पण सगळे मला आळशीच म्हणतात." मीही म्हणत आलो आहे.

आज सकाळी मोठ्या दवाखान्यात दोघींची तपासणी झाली तेव्हा मी हजर होतो. थोरलीचे हृदय ठणठणीत आहे, पोटभर खाऊन खुशाल पळावे असे डॉक्टरांनी सांगितले. दोष धाकटीच्या हृदयात आहे. मशीनच्या पडद्यावर दोघींच्या ठोक्यांच्या रेषा शेजारी शेजारी सरकत होत्या. एक निवांत लांब पावले टाकत चाललेली, दुसरी अडखळत तिला गाठू पाहणारी. खोलीतले आवाज मला ऐकू येईनासे झाले. मी जन्मभर शर्यती पाहिल्या, पण ही पाहवेना.

धाकटीची शस्त्रक्रिया तातडीने करायची आहे. मिळालेली तारीख निवडीच्या शर्यतीचीच आहे. थोरली म्हणाली, "मी हिच्याजवळ थांबते." धाकटी म्हणाली, "वेडी आहेस का? तू पळ. मी शुद्धीवर आले की सांग मला कशी पळालीस ते."

"आणि नाही आलीस तर?"

त्यांच्या आई चादरीची घडी घालत होत्या. घातलेली घडी त्यांनी मोडली आणि परत घालायला घेतली.

सिस्टरनी खोटी नोंद केलेली नाही. नोंदीतले ठोके खरे आहेत, ते माझ्या खेळाडूचे नाहीत एवढेच. सबब माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी खुर्चीवर बसा, सर, सकाळपासून उभेच आहात."

ठाण्यात येण्याआधी मी निवड समितीला फोन करून थोरलीचे नाव शर्यतीतून काढून घेतले. कारण विचारले असता "कौटुंबिक" असे सांगितले. "कुणाच्या कुटुंबातलं?" असे विचारले असता "माझ्या" असे सांगितले.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, त्यात काही बदलायचे नाही. खाली सही करतो.